नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर : एका स्थलांतरित देवस्थानाचा इतिहास

आपल्या सीमाभागातील असंख्य कुटुंबांची कुलदैवते गोमंतकात आहेत. लग्न-मुंज आटोपली, की घाट उतरून कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेला, मंगेशीला, म्हार्दोळच्या श्रीम्हाळसेला किंवा नागेशीला जाऊन यावयाचे, ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या यात्रेच्या वाटेवर नार्वे बहुधा येत नाही. डिचोली तालुक्यातील या लहानशा गावी डोंगराच्या कुशीत असलेले श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आकाराने लहान आहे आणि तेथे फोंडे महालातील देवळांसारखी गर्दीही नसते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र गोमंतकातील फारच थोड्या देवस्थानांना याच्या बरोबरीने बसविता येईल. कदंब राजांचे हे राजदैवत होते. विजयनगरच्या मंत्र्याने त्याची पुनःप्रतिष्ठा केली. पोर्तुगिजांनी त्याचे देऊळ पाडले आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी नवे देऊळ उभारविले. एकाच लिंगाभोवती गोमंतकाचा सहा-सात शतकांचा इतिहास गोळा झालेला आहे.

या देवस्थानाविषयी मराठी वाचकाला साधारणतः एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे महाराजांनी केलेला जीर्णोद्धार. ती गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण महाराज नार्व्यास आले तेव्हा तेथे जीर्णोद्धार करावयास देव शिल्लक होता, तो कोणामुळे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या देवस्थानाचा सलग वृत्तांत देताना त्या प्रश्नाकडेही लक्ष वेधावयाचे आहे.

मूळ स्थान आणि पुराणकथा

सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान आजच्या नार्व्यात नाही. मांडवी नदीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या समोर, दिवाडी नावाचे बेट आहे. प्राचीन लेखनात याला दीपवती असे नाव आढळते. या बेटाच्या उत्तरेकडील टोकास नार्वे नावाचा वाडा आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ देवालय व त्याचे कोटितीर्थ तेथे होते. आजचे देऊळ नदीच्या पलीकडच्या तीरावर, डिचोली तालुक्यात आहे आणि त्या गावाचे नावही नार्वेच. दोन्ही तीरांवर एकच नाव असल्यामुळे नव्या माणसाचा गोंधळ उडतो. दिवाडीच्या नार्व्याहून डिचोलीच्या नार्व्यास फेरीबोटीने काही मिनिटांत जाता येते. देवाला मात्र हे अंतर तोडून पुन्हा आपल्या देवळात बसण्यास सव्वाशे वर्षे लागली.

सप्तर्षींनी सात कोटी वर्षे तप केले, तेव्हा शंकर प्रसन्न होऊन सप्तधातूंच्या लिंगरूपाने प्रकट झाले, म्हणून देवास सप्तकोटेश्वर म्हणावयाचे, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. आज पूजेत असलेले लिंग पाषाणाचे आहे. त्याच्या अंगास उभे पैलू असून अशा लिंगास शिल्पशास्त्रात धारालिंग म्हणतात. पुराणकथेला इतिहासाची कसोटी लावण्याचे कारण नाही. दिवाडी हे फार पूर्वीपासून तीर्थक्षेत्र मानले जात होते, एवढा अर्थ तीतून निश्चित घेता येतो.

कदंबांचे राजदैवत

अकराव्या शतकात गोव्याच्या कदंब घराण्याने आपली राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, जुवारी नदीकाठच्या गोपकपट्टणास आणली. पहिल्या जयकेशीच्या कारकिर्दीत या बंदराची भरभराट झाली. राजधानीपासून जवळच असलेला दिवाडीचा सप्तकोटेश्वर हे या घराण्याचे आराध्यदैवत होते. या राजांच्या बिरुदावलीत ‘श्रीसप्तकोटीश्वर-लब्ध-वरप्रसाद’ हे बिरुद अभिमानाने मिरविलेले दिसते. सप्तकोटीश्वराकडून ज्यास वरप्रसाद लाभला आहे तो, असा त्याचा अर्थ. शिवचित्त पेर्माडी आणि जयकेशी यांच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूस कदंबांचा सिंह आणि दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असलेला लेख आढळतो. हे सोने व्यापाराबरोबर हिंडत असे, आणि देवाचे नावही त्याबरोबर दूरवर जात असे.

बेळगावच्या वाचकांस या राजघराण्याची ओळख करून देण्यासाठी गोव्यापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. खानापूर तालुक्यातील हलशी, म्हणजे प्राचीन पलाशिका, हे कदंबांचे महत्त्वाचे ठाणे होते. तेथील भूवराह नरसिंहाचे देऊळ आणि त्यातील शिलालेख आजही पाहावयास मिळतात. शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळच्या देगावी बाराव्या शतकात बांधविलेले कमलनारायणाचे मंदिर तर आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. घाटावरची ही देवळे उभी राहिली आणि त्याच राजांचे दिवाडीचे राजदैवत मात्र बेघर झाले. कदंबकालीन मंदिराचे दर्शन प्रत्यक्ष गोव्यात घ्यावयाचे तर सह्याद्रीच्या पायथ्याशी दाट रानात असलेल्या तांबडी सुर्ला येथील महादेवाच्या देवळापर्यंत जावे लागते. बंदरापासून दूर राहिल्यामुळेच ते बहुधा वाचले असावे.

कदंबांचे लेख संस्कृत आणि कन्नड या भाषांत आहेत, नाण्यांवर नागरी अक्षरे आहेत, पुढे देवस्थानाचा जीर्णोद्धार केला तो मराठी राजाने, आणि देवासमोर गाऱ्हाणे घातले जाते ते कोकणीतून. हा देव अमुक एका भाषेचा असे कोणास म्हणता येणार नाही. भाषेच्या प्रश्नावरून ज्या भागात मने अनेकदा दुखावली गेली, त्या भागातील वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिला विध्वंस आणि माधव मंत्री

चौदाव्या शतकाच्या आरंभापासून कदंबांची सत्ता खिळखिळी होत गेली. शतकाच्या मध्यास गोमंतक बहामनी सुलतानांच्या ताब्यात गेला आणि त्या धामधुमीत दिवाडीचे देवालय उद्ध्वस्त होऊन लिंग उखडले गेले. त्यानंतर काही दशकांनी विजयनगरच्या सैन्याने गोवा जिंकला. या मोहिमेचा धुरीण माधव मंत्री हा केवळ सेनानी नव्हता. शैवमताचा अभ्यासक आणि सूतसंहितेवरील ‘तात्पर्यदीपिका’ या टीकेचा कर्ता म्हणून तो विद्वानांत ओळखला जातो. त्याने उखडलेल्या लिंगांची पुन्हा प्रतिष्ठा केली. १३९१ च्या ताम्रपटात, तुरुष्कांनी उपटून टाकलेल्या सप्तनाथादी देवांची त्याने पुनःस्थापना केल्याचा निर्देश आहे. हा सप्तनाथ म्हणजेच आपला सप्तकोटेश्वर होय.

या पहिल्या पुनःप्रतिष्ठेचा एक विशेष असा, की ती मूळ जागीच झाली. देव उखडला गेला होता, परंतु जमीन, तीर्थ आणि भोवतालचा भक्तसमुदाय जागच्या जागी होता. राजसत्ता पालटताच देवालय पुन्हा उभे राहू शकले. दुसऱ्या विध्वंसाच्या वेळी परिस्थिती अगदी वेगळी होती.

दुसरा विध्वंस

आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा शहर अखेरचे जिंकून घेतले. प्रारंभीची काही वर्षे गावकऱ्यांच्या जुन्या व्यवस्थेस नव्या राज्यकर्त्यांनी फारसा हात लावला नाही. १५२६ च्या सनदेने तर गावकरीचे रीतिरिवाज मान्यही केले. पुढे धोरण पालटले. १५४० च्या सुमारास तिसवाडीच्या बेटांवरील देवळे पाडण्यात आली. १५४१ मध्ये देवळांच्या आणि त्यांच्या सेवेकऱ्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. पुढे १५६७ मध्ये साष्टी व बारदेश या महालांतील देवळांचीही हीच गत झाली.

देवालय पाडणे आणि देवालयाचे उत्पन्न काढून घेणे यांपैकी दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. गोमंतकातील देवस्थान म्हणजे केवळ गाभारा आणि मूर्ती नव्हे. पुजारी, भावीण, वाजंत्री, कुंभार, माळी, सुतार अशा अनेक सेवेकऱ्यांना त्या सेवेपोटी जमिनी लावून दिलेल्या असत. भिंती पडल्या तर पुन्हा बांधता येतात. जमीन गेली म्हणजे नित्यपूजा गेली, वाद्ये गेली आणि सेवेकऱ्यांची घरेही उठली. या जमिनींच्या नोंदी पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी वसुलीसाठी मोठ्या काटेकोरपणे करून ठेवल्या. १५९५ मध्ये फ्रांसिस्कु पाइश याने तयार केलेले जमिनींचे दप्तर त्यांपैकीच होय. नामशेष झालेल्या कितीतरी देवळांची नावे आज आपल्याला कळतात, ती अशा वसुलीच्या कागदांवरून.

दिवाडीवरही सर्वच खुणा पुसल्या गेल्या नाहीत. पिएदाद चर्चच्या शेजारील दफनभूमीतील कपेलात कदंबकालीन नक्षीचे छत अद्याप पाहावयास मिळते. तेथील गणपती स्थलांतर करीत अखेर खांडोळ्यास स्थिरावला. नार्वे येथे, सप्तकोटेश्वराच्या जुन्या परिसरात, कांदेलारिया मातेचे कपेल आहे.

सप्तकोटेश्वराच्या लिंगाचे काय झाले, याविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. हे लिंग एका विहिरीवर पाणी काढण्याच्या कामासाठी बसविले होते, आणि काही भाविकांनी ते तेथून गुपचूप काढून नदीपार नेले, असे सांगतात. त्या कामी नारायण शेणवी सूर्यराव सरदेसाई यांनी पुढाकार घेऊन डिचोलीच्या बाजूस देवाची स्थापना केली, असेही परंपरा सांगते. कथेतील तपशील काहीही असोत, लिंग दिवाडीहून पलीकडे गेले, हे उघड आहे. आणि त्या काळी असे करणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. लिंग चांगले जड असते, पात्र रुंद आहे आणि अलीकडच्या तीरावर पहारा. ज्यांनी ते उचलले, ज्यांनी होडी हाकली, ज्यांनी पलीकडे उतरून घेतले, त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही लेखात कोरलेली नाहीत.

नदीपलीकडे

त्या काळी डिचोलीचा मुलूख, ज्यास भतग्राम असेही म्हणत, विजापूरच्या आदिलशाहीत होता. फोंडे महालही आदिलशाहीतच होता. १५६० च्या दशकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, ती सर्व या आदिलशाही मुलखात. चौदाव्या शतकात एका सुलतानी सत्तेकडून सप्तकोटेश्वर उखडला गेला होता. सोळाव्या शतकात त्याला आणि इतर अनेक देवांना आसरा मिळाला, तो दुसऱ्या सुलतानी सत्तेच्या मुलखात. इतिहास एकसुरी सांगण्याची सवय जडली, की असल्या गोष्टी गाळल्या जातात. त्या गाळल्या तर स्थलांतराची सगळी हकीकत उलगडत नाही.

मंगेशी व शांतादुर्गा या देवस्थानांचे दैव पुढे उघडले. त्यांच्या महाजनांपैकी काही कर्तबगार घराणी मराठेशाहीत नावारूपास आली. अठराव्या शतकात शाहू छत्रपतींच्या मंत्रिमंडळातील नारो राम मंत्री यांच्या प्रयत्नाने कवळ्याचे भव्य मंदिर उभे राहिले आणि १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला. सप्तकोटेश्वराचा मोठा आधार म्हणजे कदंबांचे राजघराणे, आणि ते तर केव्हाच नामशेष झाले होते. ज्या देवाच्या नावाने सोन्याची नाणी पडत, त्याला नव्या तीरावर साध्याशा जागेत दिवस काढावे लागले. या काळाविषयी लेखी पुरावा फार थोडा आहे. परंतु देवाची ओळख विसरली गेली नाही, पूजा खंडित राहिली नाही, एवढे नक्की. तसे नसते, तर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांना तेथे दाखविण्यासारखे काही उरले नसते.

शके १५९० चा शिलालेख

नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांनी बारदेशावर स्वारी केली. स्वराज्यातून पळालेल्या बंडखोर देसायांना पोर्तुगिजांनी आश्रय दिला होता, हे त्याचे निमित्त. डिसेंबरात तह झाला. पुढील वर्षी पावसाळा संपल्यावर महाराज पुन्हा या बाजूस आले. गोवा शहरात आपली माणसे थोडी थोडी करून घुसवावयाची आणि आतून शहर ताब्यात घ्यावयाचे, असा त्यांचा बेत होता आणि तो वेळीच फुटला, असे समकालीन पत्रव्यवहारावरून दिसते. शहर हाती आले नाही. त्याच मुक्कामात महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे दर्शन घेऊन देवालय बांधण्याची आज्ञा दिली.

देवळाच्या दारावरील शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी असा काळ दिला असून या दिवशी देवालयाचा प्रारंभ झाल्याचे नमूद आहे. इंग्रजी कालगणनेप्रमाणे ही तारीख १३ नोव्हेंबर १६६८ धरली जाते. लेख अगदी थोडक्या शब्दांचा आहे. त्यात बिरुदे नाहीत, विजयाची वर्णने नाहीत आणि शत्रूची निंदाही नाही. देव, तिथी, राजा आणि कार्य, एवढ्याच गोष्टी त्यात आहेत.

देवालयाच्या स्थानाचाही विचार करावयास हवा. समोर नदी आहे आणि नदीपलीकडे दिवाडी बेट, म्हणजे पोर्तुगिजांचा मुलूख. तेथेच देवाचे मूळ स्थान. ज्या तीरावरून देव पाडाव होऊन आला होता त्या तीराच्या समोर, राजाज्ञेने, उघडपणे देऊळ उभारणे, हा शब्दांवाचून दिलेला इशारा होता. माधव मंत्र्याला देव मूळ जागी बसविता आला होता. महाराजांच्या काळी ते शक्य नव्हते, कारण दिवाडी त्यांच्या हाती नव्हती. तेव्हा भक्तांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जी जागा निवडली, तीच महाराजांनी कायम केली. राजाने भक्तांच्या निवडीवर आपली मुद्रा उमटविली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील काळ आणि आजचे देवस्थान

अठराव्या शतकात डिचोलीचा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडे राहिला आणि शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेला. फोंडे, डिचोली, सत्तरी आदी या नव्या काबिजादीत मात्र सोळाव्या शतकातील धोरणाची पुनरावृत्ती झाली नाही. देवळे व रीतिरिवाज यांना हात न लावण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. ज्या राजवटीने दिवाडीवरील देऊळ पाडले, तिच्याच अमलाखाली नार्व्याचे देऊळ १९६१ पर्यंत सुखरूप उभे राहिले.

देवळाची बांधणी साधी आहे. जांभा दगडाचा डोंगर छेदून तयार केलेल्या जागेत ते वसले आहे. समोर दीपस्तंभ आहे आणि आवारात कालभैरवाचे स्थान आहे. महाशिवरात्रीस येथे मोठा उत्सव होतो. गोकुळाष्टमीस नार्व्याच्या पंचगंगा तीर्थावर स्नानासाठी भाविक जमतात. दिवाडीचे तीर्थक्षेत्र म्हणून असलेले माहात्म्य देवाबरोबर नदीपार आले, पण तीर्थ म्हणजे शेवटी नदीच, आणि ती दोन्ही तीरांची. देवळाचा चिरा न् चिरा काढून टाकता आला, तरी पाणी काढून टाकता आले नाही.

काळाच्या ओघात देवळाची पडझड झाली होती. गोवा शासनाच्या पुरातत्त्व विभागाने जतनाचे काम हाती घेतले आणि नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये देवालय पुन्हा समारंभपूर्वक खुले करण्यात आले. त्यानंतर येथे येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. बहुतेकजण शिलालेखासमोर क्षणभर थांबतात आणि महाराजांचे स्मरण करतात. ते योग्यच आहे. त्यांनी देवळातून बाहेर पडल्यावर नदीकाठी जाऊन समोरचे बेटही पाहावे. दारावर लिहिलेल्या इतिहासाचा न लिहिलेला अर्धा भाग त्या दोन तीरांच्या मध्ये आहे.

उपसंहार

सप्तकोटेश्वराचा वृत्तांत आज आपण एकसंध सांगू शकतो, तो तुकड्या-तुकड्यांनी जमविलेला आहे. कदंबांची नाणी कोणा सराफाच्या मुशीत वितळली नाहीत, माधव मंत्र्याच्या काळचा ताम्रपट कोणी मोडीत घातला नाही, पोर्तुगिजांची वसुलीची दप्तरे वाळवीने खाल्ली नाहीत, आणि डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकाने आयुष्य वेचून गोव्याच्या पुराभिलेखागारातील कागद वाचले, म्हणून हे शक्य झाले. या साधनांत सन्मानाचे लेख आहेत तसेच जप्तीचेही आहेत. जपणाऱ्याने दोन्ही जपले पाहिजेत.

शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात एका देवस्थानाचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. सप्तकोटेश्वराला कदंब राजाने वैभव दिले, महाराजांनी देऊळ दिले. मधल्या सव्वाशे वर्षांत त्याला सांभाळले, ते अधिकार नसलेल्या, द्रव्य नसलेल्या, नाव न राहिलेल्या माणसांनी. राजाश्रय सुटलेल्या मुलखात भाषा, पोथ्या आणि ग्रंथालये सांभाळली जातात, तीही अशीच. वर्गणी देणारा सभासद, जुन्या पुस्तकास कव्हर घालणारा सेवक, दिवाळी अंक जपून परत करणारा वाचक, यांची नावे शिलालेखावर येत नाहीत. शताब्दीच्या या प्रसंगी त्या सर्वांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करणे उचित होईल.